परमुलखातली नोकरी

चाकणच्या बाजारात कांदा-बटाटा घेऊन जाणाऱ्या शेतकऱ्याला वाटेत एखादा जर्मन, जपानी किंवा कोरियन माणूस दिसला, तर आता तो वळून पाहत नाही. पिंपरी, चिंचवड, चाकण, तळेगाव या पट्ट्यात अशी माणसे कामाला येतात, भाड्याने घर घेतात, मंडईत भाजी घेतात आणि दोन-चार वर्षांनी आपल्या देशी परततात. आणि त्याच शेतकऱ्याचा पुतण्या याच पट्ट्यातल्या एखाद्या कारखान्यात चार वर्षे काम करून जर्मनीला किंवा दुबईला जावयाची खटपट करीत असतो. एक माणूस परदेशी म्हणून आपल्या दारी येतो आहे आणि आपला माणूस दुसऱ्याच्या दारी परदेशी होण्यास निघाला आहे.

या दोघांची स्थिती शेजारी शेजारी ठेवून पाहा. इकडे येणारा इंजिनिअर सहसा सुखरूप राहतो, ठरल्या दिवशी पगार घेतो आणि मुदत संपली की घरी जातो. आपल्याकडून जाणाऱ्यांपैकी पुष्कळांचे चांगले होते; पण काहीजण फसतात, कर्जात बुडतात, कधी कधी परत येण्यापुरते पैसेही त्यांच्यापाशी उरत नाहीत. हा फरक बुद्धीचा नाही, मेहनतीचा तर मुळीच नाही. येणाऱ्याने निघण्यापूर्वी सगळे लिहून घेतलेले असते. आपला मुलगा मात्र पुष्कळदा कोणाच्या तरी शब्दावर निघतो. म्हणून आज आपण असे करू : आपल्याकडे येणारा माणूस काय काय करून येतो ते पाहू, आणि तेच आपल्या घरातून जाणाऱ्याने कसे करावयाचे ते समजून घेऊ.

या भागाला परका माणूस नवा नाही. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा पेनिसिलिनचा सरकारी कारखाना निघाला, तोच मुळी जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने. पुढे १९६० नंतरच्या काळात दापोडीपासून चिंचवडपर्यंत स्वीडनच्या सँडविक, एसकेएफ, जर्मनीच्या केएसबी अशा कंपन्यांचे कारखाने उभे राहिले. १९९५ साली मर्सिडीजच्या मोटारी पिंपरीत तयार होऊ लागल्या, आणि २००९ साली तो कारखाना चाकणला आला. त्याच वर्षी चाकणला फोक्सवॅगनचाही कारखाना सुरू झाला. तळेगावला अमेरिकेच्या जनरल मोटर्सचा कारखाना होता. त्यातले मोटारींचे काम २०२० च्या अखेरीस थांबले आणि २०२४ च्या जानेवारीत कोरियाच्या ह्युंदाई कंपनीने तो ताब्यात घेतला. नवे यंत्र आले की ते बसवणारा, चालवून दाखवणारा, आपल्या माणसांना शिकवणारा जाणकार बरोबर येतोच. विहिरीवर नवा पंप बसवताना दुकानातला माणूस येतो ना, तशातलाच हा प्रकार. फक्त हा माणूस समुद्रापलीकडून येतो आणि दोन-तीन वर्षे राहतो.

आता हा माणूस काय घेऊन येतो ते पाहा. पहिली गोष्ट म्हणजे त्याचा व्हिसा नोकरीचा असतो. व्हिसा म्हणजे दुसऱ्या देशात शिरण्याची आणि तेथे अमुक एक काम करण्याची परवानगी. भारतात सहल करावयास येणाऱ्याचा व्हिसा वेगळा, व्यापाराची बोलणी करावयास येणाऱ्याचा वेगळा आणि नोकरी करणाऱ्याचा वेगळा. सहलीच्या व्हिसावर आलेल्या माणसाला चाकणच्या कारखान्यात पगारी काम करता येत नाही. शिवाय आपले सरकार नोकरीचा व्हिसा कोणालाही देत नाही. काम विशेष कौशल्याचे असावे लागते. कारकुनीचे, रोजच्या साध्या कामाचे, किंवा ज्याला लायक भारतीय माणूस मिळतो असे काम असेल तर व्हिसा नाकारला जातो. पगारही साधारणपणे वर्षाला निदान १६ लाख २५ हजार रुपये असावा लागतो. परदेशी पदार्थ करणारे आचारी आणि इंग्रजीखेरीज इतर भाषांचे शिक्षक व दुभाषे यांना पगाराच्या या अटीतून सूट आहे.

एवढी अट कशासाठी, असे कोणी विचारील. त्यात दोन हेतू आहेत. बाहेरून स्वस्तात माणसे आणून येथल्या मजुराची रोजी कोणी मारू नये, हा एक. आणि आलेला माणूस निराधार होऊन रस्त्यावर पडू नये, हा दुसरा. जगातले बहुतेक देश असेच करतात. तेव्हा आपल्या मुलाला जर्मनीने किंवा जपानने दहा कागद मागितले, तर तो अपमान समजू नये. आपणही त्यांच्या माणसांकडे मागतोच.

दुसरी गोष्ट, चौदा दिवसांची. सहा महिन्यांहून अधिक मुदतीच्या नोकरीच्या व्हिसावर जो परदेशी माणूस येतो, त्याला येथे पोहोचल्यापासून १४ दिवसांच्या आत परदेशी नागरिकांच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे नाव नोंदवावे लागते. आणि तो ज्याच्या घरात उतरतो त्या घरमालकालाही २४ तासांच्या आत तशी खबर द्यावी लागते. तुमच्यापैकी कोणी वाकड, मोशी, चाकण या बाजूला घर बांधून भाड्याने दिले असेल, तर हे ध्यानात असू द्या. यात कसूर झाली तर ती घरमालकाची धरली जाते.

आणि पाहा, असाच नियम तिकडेही आहे. जर्मनीत घर घेतल्यावर दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या कचेरीत पत्ता नोंदवावा लागतो आणि त्यासाठी घरमालकाने दिलेला दाखला लागतो. जपानमध्येही राहण्याचे ठिकाण ठरल्यापासून १४ दिवसांच्या आत नगरकचेरीत जाऊन पत्ता कळवावा लागतो. ही नोंद झाली नाही तर बँकेत खाते उघडणे, पगार जमा होणे, दवाखान्याचा विमा मिळणे, सगळेच अडते. म्हणून परदेशी जाणाऱ्याने पहिले चौदा दिवस फोटो काढण्यात घालवू नयेत. कचेरीची कामे आधी उरकावी.

तिसरी गोष्ट करारनाम्याची. इकडे येणाऱ्या इंजिनिअरच्या करारात पगार किती, कोणत्या नाण्यात, कामाचे तास किती, रजा किती, घरभाडे कोणी द्यावयाचे, आजारपणाचा खर्च कोणाचा, मुलांची शाळा, जाण्यायेण्याचे भाडे, आणि नोकरी मध्येच संपली तर काय, हे सगळे कलमवार लिहिलेले असते. सही करण्यापूर्वी तो ते दोनदा वाचतो. बायकोलाही वाचावयास देतो, कारण तिलाही आपली नोकरी सोडून यावे लागणार असते. तिला भारतात नोकरी करता येईल का, हे तो आधीच विचारतो. कारण नवऱ्याच्या आधाराने आलेल्या बायकोला येथे वेगळ्या परवानगीशिवाय नोकरी धरता येत नाही.

आता आपल्या घराकडे वळू. समजा, खेड तालुक्यातल्या एका गावचा मुलगा आहे. दहावीनंतर त्याने आयटीआयमध्ये फिटरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केला आणि चाकणच्या एका कारखान्यात चार वर्षे काम केले. त्याला बाहेर जावयाचे आहे. त्याच्यापुढे दोन वाटा आहेत.

पहिली वाट म्हणजे कंपनीनेच त्याला आपल्या परदेशातल्या कारखान्यात काही काळासाठी पाठवणे. नोकरी येथलीच राहते, नेमणूक तेवढी तिकडची असते. या वाटेने जाणाऱ्याने एक कागद विसरू नये. भारताने काही देशांशी सामाजिक सुरक्षेचे करार केले आहेत. कोरियाशी झालेला करार २०११ पासून, जपानशी झालेला २०१६ पासून आणि जर्मनीशी झालेला २०१७ पासून अमलात आहे. कंपनीने ठराविक मुदतीसाठी पाठवलेल्या माणसाची भविष्यनिर्वाह निधीची वर्गणी येथे चालू असेल, तर या करारामुळे तिकडच्या पेन्शन फंडात त्याला दुसऱ्यांदा पैसे भरावे लागत नाहीत. त्यासाठी भविष्यनिर्वाह निधीच्या कार्यालयाकडून दाखला मिळतो. तो निघण्यापूर्वी घ्यावा.

दुसरी वाट म्हणजे स्वतः नोकरी शोधून जाणे. या वाटेवर काटे जास्त. म्हणून तिची माहिती थोडी सविस्तर देतो.

सुरुवात पासपोर्टपासून. १९८३ च्या परदेशगमन कायद्याप्रमाणे, जो माणूस दहावी उत्तीर्ण नाही, त्याच्या पासपोर्टावर साधारणपणे एक शेरा असतो. सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिरात, कुवेत, कतार, ओमान, मलेशिया अशा १८ देशांत त्याला नोकरीसाठी जावयाचे असेल, तर ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ या सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी घ्यावी लागते. महाराष्ट्रासाठी हे कार्यालय मुंबईत आहे. हा अधिकारी करार पाहतो, मालक खरा की खोटा ते पाहतो, विमा उतरवला आहे की नाही ते पाहतो. या विम्याचे नाव ‘प्रवासी भारतीय बिमा योजना’. दोन वर्षांसाठी २७५ रुपये आणि तीन वर्षांसाठी ३७५ रुपये भरले, की अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाख रुपयांचे संरक्षण मिळते.

पुष्कळांना ही मंजुरी म्हणजे सरकारी लचांड वाटते. मग एजंट म्हणतो, “कशाला त्या भानगडीत पडता? फिरावयाच्या व्हिसावर चला, तिकडे गेल्यावर बदलून देतो.” मंडळी, येथेच पाय घसरतो. फिरावयाच्या व्हिसावर गेलेल्या माणसाने तेथे काम केले, तर तो त्या देशाच्या कायद्याने गुन्हेगार ठरतो. मालकाने पगार बुडवला तरी तक्रार कोणत्या तोंडाने करावयाची? तक्रार केली की आधी त्यालाच धरतील. मंजुरीचा तो शेरा तुमच्या वाटेतला धोंडा नाही. शेताला कुंपण असावे तसा तो आहे.

दुसरे, एजंटाचे. परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवण्याचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही. परवाना असलेल्या एजंटांची नावे परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ या संकेतस्थळावर पाहावयास मिळतात. गावातल्या शाळेत किंवा ग्रामपंचायतीत बसून हे दहा मिनिटांत पाहता येते. परवाना नंबर विचारा, आणि तो नंबर त्याच नावाचा आहे का, हेही पडताळून पाहा. एजंटाने आपल्या सेवेबद्दल जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावरचा कर एवढेच घ्यावे, असा नियम आहे, आणि त्याची पावती दिली पाहिजे. तीन लाख, पाच लाख मागणारा माणूस, आणि पावतीचे नाव काढल्यावर “आपल्यात पावती कसली?” म्हणणारा माणूस, मग तो नात्यातला का असेना, त्याला दारातूनच निरोप द्यावा.

हे मी जरा जोर देऊन सांगतो त्याला कारण आहे. आपल्याकडे घरातले कोणी परदेशी निघाले की पैसा उभा करण्यासाठी पहिली नजर जाते ती जमिनीकडे आणि आईच्या दागिन्यांकडे. या पट्ट्यात जमिनीचे भाव वाढलेले. दोन गुंठे विकले की एजंटाची भर होते. मुलगा फसला तर पगारही गेला आणि जमीनही गेली. आणि कर्ज डोक्यावर असलेला मुलगा तिकडे वाईट मालकाच्या तावडीत सापडला, तरी तोंड दाबून राहतो. रिकाम्या हाताने घरी कसे जावे, या लाजेने परत येत नाही. २०२२ पासून कंबोडिया, म्यानमार, लाओस या देशांत ‘संगणकावरचे सोपे काम’ म्हणून नेलेल्या अनेक भारतीय तरुणांना कोंडून ठेवून, त्यांच्याकडून फोनवरून आणि संगणकावरून लोकांना लुबाडण्याचे काम करवून घेतल्याचे उघडकीस आले. सरकारला त्याबद्दल पुन्हा पुन्हा इशारे द्यावे लागले आणि कित्येकांना सोडवून आणावे लागले. त्यांत शिकलेली मुलेही होती. काम काय, कोणासाठी, कोणत्या गावी, हे लिहून न देणाऱ्या माणसावर त्यांनी विश्वास ठेवला होता.

तिसरे, शिक्षणाच्या दाखल्याचे. आपली पदवी किंवा आयटीआयचे प्रमाणपत्र त्या देशात मानले जाते का, हे आधी पाहावे. जर्मनीने १ मार्च २०२० पासून कुशल कामगारांसाठी नवा कायदा लागू केला आणि पुढे तो आणखी सैल केला. आता ज्याने आपल्या देशात निदान दोन वर्षांचे सरकारमान्य प्रशिक्षण घेतले आहे, ज्याला त्या कामाचा निदान दोन वर्षांचा अनुभव आहे आणि ज्याला ठरलेल्या रकमेइतका पगार देऊ केलेला आहे, त्याला बऱ्याच धंद्यांत काम मिळू शकते. म्हणजे आपल्या त्या फिटर मुलाला दार बंद नाही. परंतु परिचारिका, डॉक्टर अशा कामांना तेथली मान्यता घ्यावीच लागते. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्याच वर्षी जर्मनीने भारतीय कुशल कामगारांसाठी वर्षाला द्यावयाच्या व्हिसांची संख्या २० हजारांवरून ९० हजारांपर्यंत नेण्याचे जाहीर केले. जपाननेही ठराविक कौशल्याच्या कामगारांसाठी २०१९ पासून वेगळा व्हिसा काढला असून, भारताशी २०२१ साली त्याबद्दल करार केला आहे. तेव्हा सरळ वाट आहे. आडवाटेने जाण्याचे कारण नाही.

अनुभवाचा दाखला मात्र हाती पाहिजे. या पट्ट्यात पुष्कळ मुले ठेकेदाराकडे काम करतात. चार वर्षे राबली तरी हाती कागद एक नसतो. नोकरी सोडताना अनुभवाचे पत्र, पगाराच्या चिठ्ठ्या, भविष्यनिर्वाह निधीचा नंबर, हे मागून घ्यावे आणि पत्र्याच्या पेटीत का होईना, जपून ठेवावे. दहा वर्षांनी कोणत्या दारात त्याचा उपयोग होईल, सांगता येत नाही.

चौथी गोष्ट भाषेची. कागदाने माणूस देशात शिरतो, पण तेथे उभा राहतो तो भाषेवर. कारखान्यात “हात लावू नकोस, वीज चालू आहे” हे वाक्य ज्याला कळले नाही, त्याचा जीव जाईल. जर्मन भाषेच्या परीक्षांच्या सहा पायऱ्या आहेत : ए-१, ए-२, बी-१, बी-२, सी-१, सी-२. पहिल्या पायरीवर नाव, गाव, बाजारहाट एवढे बोलता येते. तिसऱ्या पायरीवर माणूस आपला कारभार आपण चालवू शकतो. परिचारिकेला साधारणपणे चौथी पायरी लागते. जपानी भाषेच्या एन-५ ते एन-१ अशा पाच पायऱ्या आहेत, आणि कुशल कामगाराच्या त्या व्हिसाला एन-४ किंवा त्या तोडीची परीक्षा लागते. पुण्यात मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकता येते. पुणे विद्यापीठाच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये परकीय भाषा शिकवतात. हे दोन महिन्यांचे काम नाही. नोकरी सांभाळून शिकणाऱ्याने बी-१ पर्यंत जावयास वर्ष-दीड वर्ष धरून चालावे. मराठी शाळेत शिकलो, आम्हाला काय जमणार, असे मुळीच मनात आणू नका. नवी भाषा कानाने आणि सरावाने येते, आणि कामाला भिणारा माणूस सोडला तर ती कोणालाही येते.

आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे उदाहरण घ्या. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांचे पथक युद्धात होरपळणाऱ्या चीनला गेले, त्यात ते होते. तेथे ते चिनी बोलावयास शिकले, चिनी सहकाऱ्यांबरोबर राहिले, डॉ. बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि १९४२ च्या डिसेंबरात, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच वारले. चिनी लोक आजही त्यांची आठवण काढतात. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर आणखीही असतील. रोग्याशी त्याच्या भाषेत बोलणारा परका डॉक्टर मात्र लोकांनी आपला मानला.

आता पैशाचा हिशेब करू, कारण शेवटी निघावयाचे ते त्यासाठी. तिकडच्या पगाराला रुपयाच्या भावाने गुणावे आणि डोळे दिपवून घ्यावेत, ही आपली खोड. असे करू नये. आधी वजाबाकी, मग गुणाकार. समजा, त्या फिटर मुलाला जर्मनीत महिना ३,००० युरो पगार ठरला. जर्मनीत कर, पेन्शन, आजारपणाचा विमा, बेकारीचा विमा हे सगळे पगारातून कापून घेतात. एकट्या माणसाचा सुमारे तिसरा हिस्सा यात जातो. हाती आले २,००० च्या आसपास. घरभाडे ७०० धरा, खाणे-पिणे, जाणे-येणे, फोन, कपडे मिळून ५०० धरा. राहिले ८००. यातूनच कर्जाचा हप्ता, आणि यातूनच वर्षाकाठी घरी येण्याचे भाडे. शिवाय घर घेताना तीन महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत ठेवावी लागू शकते. तिची तरतूद आधीच हवी. आखातात वैयक्तिक उत्पन्नावर कर नसतो, हे खरे. पण तेथे राहण्याची व जेवणाची सोय मालकाची की आपली, यावर सगळा हिशेब फिरतो. म्हणून घरी बसून कागदावर तीन ओळी लिहा : हाती किती येणार, तिकडे खर्च किती, उरणार किती. तिसऱ्या ओळीतला आकडा येथल्या बचतीपेक्षा पुरेसा मोठा असेल, तरच पुढे पाऊल टाकावे.

पासपोर्टाबद्दल आणखी एक. १९६७ च्या कायद्याप्रमाणे पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे. तिकडचा मालक “सांभाळून ठेवतो” म्हणून तो मागू लागला, तर द्यावयाचा नाही. संयुक्त अरब अमिरातीत तर कामगाराचा पासपोर्ट मालकाने अडकवून ठेवणे कायद्यानेच मना आहे. पासपोर्ट, व्हिसा, करार यांच्या दोन प्रती काढून एक घरी ठेवावी. तिकडे पोहोचल्यावर भारतीय वकिलातीत नाव नोंदवावे. अडचण आली तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ या संकेतस्थळावर घरच्यांनाही तक्रार नोंदवता येते. पण तक्रार करताना करार कोठे आहे, हाच पहिला प्रश्न येतो, आणि तो घरच्या पेटीत असला तर अर्धे काम झाले म्हणून समजा.

शिक्षक बंधूभगिनींनो, आता दोन शब्द तुमच्यासाठी. परदेशी जाणाऱ्या मुलाची निम्मी तयारी तुमच्या शाळेत होते, आणि ती तुमच्या हातात आहे. आठवीत, नववीत गळणारे मूल दहावीपर्यंत टिकवलेत, तर त्याच्या पासपोर्टावर तो शेरा येत नाही. एवढ्या एका परीक्षेने त्याच्यासाठी कितीतरी दारे सोपी होतात. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव, जन्मतारीख नीट तपासा. दाखल्यावर एक आणि आधार कार्डावर दुसरे नाव असलेल्या मुलाला पुढे कचेऱ्यांच्या किती पायऱ्या झिजवाव्या लागतात, हे तुम्ही जाणताच. मुलींची नावे तर लग्नानंतर बदलतात. त्यांना हे आधीच समजावून सांगा. आणि वर्षातून एकदा दहावीच्या पालकांना बोलावून, परवाना असलेला एजंट कसा ओळखावा, हे शाळेच्या संगणकावर दाखवा. गावातले एक घर जरी वाचले, तरी ती संध्याकाळ कारणी लागली.

मुलगा गेल्यावर घरच्यांनीही थोडे समजून वागावे. पहिले सहा महिने कठीण असतात. कामावर दिवस जातो. संध्याकाळी खोलीवर आल्यावर बोलावयास कोणी नसते. जर्मनीत तर रविवारी बहुतेक दुकानेही बंद असतात. अशा वेळी फोनवर “पैसे कधी पाठवतोस?” हा प्रश्न पहिला नको. जेवलास का, काम कसे आहे, मालक नीट वागतो का, हे आधी विचारावे. “मालक नीट वागतो का” या प्रश्नाला तो गप्प राहिला, तर समजून घ्यावे आणि “परत ये, पैशाचे पाहू” असे म्हणण्याची तयारी ठेवावी. असे म्हणणारे घर पाठीशी असले, की मुलगा वाईट मालकापुढे वाकत नाही.

शेवटी, आपल्याकडे आलेल्या परक्याबद्दल. तोही कोणाच्या तरी घरचा आहे. त्याला भाव दुप्पट सांगू नका, भाड्याची पावती द्या, रस्ता चुकला तर दाखवा, त्याच्या मोडक्यातोडक्या मराठीला हसू नका. तो तुमच्या गावाबद्दल परत जाऊन काय सांगतो, त्यावर उद्या तिकडे जाणाऱ्या तुमच्या मुलाचे स्वागत थोडेफार अवलंबून आहे. आणि जमलेच तर त्याला विचारा, की निघण्यापूर्वी तू काय काय लिहून घेतले होतेस? तो जी यादी सांगेल, तीच आपल्या मुलाच्या हाती द्यावी. त्यातली एक ओळ जरी कोरी असली, तरी ती भरून येईपर्यंत तिकीट काढू नये.